कुटुंबाची पहिली होडी

ज्या कुटुंबांत आजवर कोणीहि शिडाची दोरी हातीं धरलेली नाहीं, अशा कुटुंबानें आपली पहिली होडी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारांतला वाटतो. लांबी किती, किंमत किती, लाकडाची कीं प्लास्टिकची, एवढें विचारलें म्हणजे काम झालें, असा समज होणें साहजिक आहे. परंतु या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें उत्तर नीट देतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. शिडाची नौका मौजेसाठीं बाळगण्याची चाल इंग्लंडांत साडेतीनशें वर्षांहून अधिक जुनी आहे. पण एखाद्या कारकुनाच्या किंवा शाळामास्तरांच्या कुटुंबानें ती बाळगावी, ही कल्पना मात्र अगदीं अलीकडची आहे. मधल्या काळांत होडी लहान कां झाली, आणि लहान होतांना तिनें कशाकशाचा त्याग केला, हें येथें पाहावयाचें आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६६० सालीं परागंदा अवस्थेंतून गादीवर परत आला, तेव्हां डच लोकांनीं त्याला ‘मेरी’ नांवाची नौका नजर केली. ‘यॉट’ हा शब्ददेखील इंग्रजी भाषेंत डचांकडूनच आला. पुढच्याच वर्षीं राजा आणि त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांनीं थेम्स नदींत ग्रिनिचपासून ग्रेव्हसेंडपर्यंत व परत अशी शंभर पौंडांची शर्यत लाविली. जातांना भाऊ जिंकला, येतांना राजा जिंकला. या खेळाचें कुळ असें राजघराण्यांतलें आहे, आणि पुढें दोनशें वर्षें त्यानें आपलें कुळ सोडलें नाहीं. १८१५ सालीं स्थापन झालेलें व पुढें काउज येथें नांवारूपास आलेलें ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ हें उमराव-सरदारांचें मंडळ होतें. मुंबईचा ‘रॉयल बाँबे यॉट क्लब’ १८४६ सालचा, आणि इंग्रजी अमदानींत तो साहेबलोकांचाच होता. अशा नौकेचा मालक वाऱ्यावर नजर ठेवून हुकूम सोडी. दोरी ओढण्याचें, शीड गुंडाळण्याचें आणि नांगर उचलण्याचें काम पगारी खलाशी करीत. नवशिक्यानें काय घ्यावें, हा प्रश्न तेथें उद्भवतच नसे. कारण ज्याला शिकावयाचें होतें त्याला शिकण्याची गरज नव्हती, आणि ज्याला येत होतें त्याला नौका विकत घेण्याची ऐपत नव्हती.

ही भिंत प्रथम एकट्यादुकट्या माणसांनीं ओलांडली. जॉन मॅक्ग्रेगर नांवाचा एक स्कॉटिश गृहस्थ १८६७ सालीं ‘रॉब रॉय’ नांवाची आपली लहानशी नौका एकट्यानें हांकीत, खाडी ओलांडून, पॅरिसच्या प्रदर्शनास गेला, आणि परत येऊन त्यानें त्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. पगारी माणसांवांचून समुद्रावर जातां येतें, हें सुशिक्षित वर्गाला पटवून देणाऱ्या लोकांत त्याची गणना केली पाहिजे. परंतु मॅक्ग्रेगर एकटा होता. त्याच्या मागें येणारे बहुतेक साहसी लोकहि एकटेच निघत. बायकामुलें किनाऱ्यावरून रुमाल हालवीत उभीं राहत. होडी लहान झाली होती, पण ती कुटुंबाची झाली नव्हती.

याच सुमारास एक आपला शब्द या क्षेत्रांत रुळला होता, तो सांगण्याजोगा आहे. लहान होडीला इंग्रजींत ‘डिंगी’ म्हणतात, तो शब्द आपल्या हिंदी-बंगाली भाषांतून तिकडे गेलेला आहे. मोठ्या जहाजाला बांधून नेलेली, किनाऱ्यावर जा-ये करणारी ती जहाजाची चाकर. विसाव्या शतकांत या चाकरालाच स्वतंत्र घर मिळालें. इंग्रज आराखडाकार उफा फॉक्स यानें १९२८ सालीं बांधलेल्या ‘अॅव्हेंजर’ या १४ फुटी डिंगीनें ५७ शर्यतींपैकीं ५२ जिंकल्या. पाणी कापीत न जातां पाण्यावरून घसरत जाणारा तिचा तळ पाहून, लहान होडी म्हणजे मोठीची गरीब नातेवाईक नव्हे, हें जाणत्यांच्या ध्यानांत आलें. पण तीहि तरबेज हातांची होडी होती.

कुटुंबाचें चित्र लोकांच्या मनांत उभें केलें तें एका कादंबरीनें. आर्थर रॅन्सम यांची ‘स्वॅलोज अँड अॅमॅझॉन्स’ ही मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी १९३० सालीं प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशांत सुटी घालविणारीं चार भावंडें ‘स्वॅलो’ नांवाची लहान शिडाची होडी घेऊन एका बेटावर मुक्कामाला जातात, एवढाच तिचा विषय. बाप दूर नौदलाच्या नोकरीवर. त्याची परवानगी तारेनें येते. आई किनाऱ्यावरून लक्ष ठेविते, पण सुकाणूं मुलांच्या हातीं असतें. दुसरी होडी ‘अॅमॅझॉन’, तिच्यावर दोन बहिणींची सत्ता, आणि त्यांतली थोरली कोणाहि मुलाला हार जाणारी नाहीं. या पुस्तकानें एक विचार इंग्रज मध्यमवर्गाच्या घराघरांत नेला. होडी लहान असण्यांत खरा लाभ पैशाचा नव्हे. ती लहान असली म्हणजे लहान माणसाला तिच्यावर अधिकार चालवितां येतो, हा खरा लाभ होय.

विचार पसरला, पण होडी अजून महागच होती. एकेक फळी घासूनपुसून, वांकवून, खिळ्यांनीं जोडण्याचें काम कसलेल्या सुतारावांचून होत नसे. ही अडचण दुसऱ्या महायुद्धानें अप्रत्यक्षपणें दूर केली. युद्धांत ‘मॉस्किटो’सारखीं लाकडी विमानें बांधतांना पातळ थरांचें लाकूड आणि पाण्यानें न सुटणारा कृत्रिम सरस यांचें ज्ञान फार पुढें गेलें. शांतता होतांच तें ज्ञान होड्यांकडे वळलें. १९४७ सालीं जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकारानें ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकासाठीं ‘कॅडेट’ ही दोन मुलांची प्लायवुडची होडी काढली. त्याच वर्षीं अमेरिकेंत फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर येथें क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्यानें ‘ऑप्टिमिस्ट’ तयार केली. त्याला घातलेली अट मोठी मार्मिक होती: होडी प्लायवुडच्या दोन पत्र्यांत बसली पाहिजे आणि खर्च पन्नास डॉलरांच्या आंत राहिला पाहिजे. पत्रा आठ फुटी, म्हणून होडीहि आठ फुटांच्या आंतली. पुढचें टोंक निमुळतें करण्याइतकें लाकूड नाहीं, म्हणून तें चपटें. लोक तिला न्हाणीचें टब म्हणून हंसले असतील; पण आज जगभर मुलें शिडाचे पहिले धडे बहुधा तिच्यांतच गिरवितात. मात्र ती एका मुलाची होडी आहे. बापाला तिच्यांत जागा नाहीं, आणि हें कांहीं मुलांच्या दृष्टीनें तिचें भूषणच असेल.

सबंध कुटुंबासाठीं होडी कशी असावी, याचें पूर्ण उत्तर १९६३ च्या जानेवारींत लंडनच्या नौका-प्रदर्शनांत मांडलें गेलें. ‘डेली मिरर’ या खपाच्या वर्तमानपत्रानें पुढाकार घेतला होता, म्हणून होडीचें नांव ‘मिरर’, आणि वर्तमानपत्राच्या शीर्षकाच्या रंगावरून तिचीं शिडें तांबडीं. आराखडा होल्टचा व बॅरी बकनेल याचा. बकनेल हा दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारा लोकप्रिय गृहस्थ. त्यानें होडीकडे घरधन्याच्या नजरेनें पाहिलें. कापून तयार केलेल्या प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेनें टांके घालून जोडावयाच्या, सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी व कृत्रिम राळ चढवावयाची, कीं झाली होडी. आपल्या घरीं गोधडी शिवतात त्याच न्यायानें ही होडी शिवली जाते, असें म्हटलें तरी चालेल. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. इंग्लंडांतील कामगाराची ती सुमारें चार आठवड्यांची कमाई होती. चार्ल्स राजानें एका शर्यतीवर लाविलेली पैज याहून मोठी होती.

या होडीनें काय सोडलें, हें पाहिलें पाहिजे. १० फूट १० इंच लांबी. मोठ्या लाटांवर जाण्याचा अभिमान तिनें सोडला. पुढचें टोंक चपटें. दिसण्यांतला डौल सोडला. डोलकाठी आखूड ठेवून शिडाचा वरचा भाग दुसऱ्या काठीनें उभारावयाचा. त्यामुळें वेग थोडा गेला, पण सर्व काठ्या होडीच्या पोटांत मावूं लागल्या आणि ती साध्या मोटारीच्या टपावरून नेतां येऊं लागली. नुसत्या होडीचें वजन सुमारें ४५ किलो, म्हणजे दोन माणसांना उचलतां येण्याजोगें. वारा पडला तर वल्हीं मारतां येतात. आणि चारहि बाजूंस हवेचे बंद कप्पे असल्यामुळें उलटली तरी ती बुडत नाहीं. पुढें अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. ज्या घरांत होडी पाहिजे होती, त्या घरांतील मोटार, अंगण, खिसा आणि धाकटें मूल, या चारांचें माप घेऊन ती बेतली होती, हेंच तिच्या यशाचें कारण होय.

यावर कोणी म्हणेल, मग मोठी व स्थिर होडी घेतल्यास काय बिघडलें? इयन प्रॉक्टर यानें १९५७ सालीं काढलेली ‘वेफेअरर’ ही जवळजवळ १६ फुटी होडी फार भरवशाची आहे. फ्रँक डाय यानें १९६३ सालीं एका सोबत्यासह ती स्कॉटलंडहून आइसलंडला नेली. पण तो पराक्रम डायचा होता, होडीनें तो वाहून नेला इतकेंच. तिचें वजन मिररच्या तिपटीहून अधिक. पाण्यांत सोडावयास गाडा लागतो आणि उलटल्यास सरळ करावयास भारी अंग लागतें. उलट टोंक पाहावयाचें तर ब्रूस कर्बी याची १९७१ सालीं बाजारांत आलेली ‘लेझर’. हलकी, एका शिडाची, चपळ. १९९६ पासून ऑलिंपिकमध्यें तिच्या शर्यती होऊं लागल्या. परंतु तिच्यांत एकच माणूस बसून शर्यत करितो, आणि उरलेलें कुटुंब पुन्हां किनाऱ्यावर रुमाल हालवावयास मोकळें.

येथें या प्रश्नाचें खरें मर्म आहे. जड होडी चुका सोसते, पण उचलवत नाहीं. हलकी होडी उचलवते, पण चुका सोसत नाहीं. दोन्ही गुण पुरतेपणीं एकत्र कोणालाच साधले नाहींत. तेव्हां काय सोडावयाचें हें घेणाऱ्यानेंच ठरविलें पाहिजे. नवशिका गृहस्थ बहुधा उलटण्याच्या भयानें मोठी होडी घेतो. परंतु लहान होडीचें उलटणें हा अपघात नव्हे, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. अंगावर तरंगतें जाकीट घालून, उथळ व शांत पाण्यांत, जाणत्याच्या देखरेखीखालीं होडी मुद्दाम उलटवावी. होडीच्या मधोमध खालीं सोडलेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करावी. हें ज्या मुलाला दहा वेळां करतां आलें, त्याचें भय गेलें. जी होडी घरांतल्यांना सरळ करतां येत नाहीं, ती कितीहि स्थिर असली तरी त्या घराची पहिली होडी होऊं शकत नाहीं. वाऱ्याचा एक झोत सर्वांनाच कधीं ना कधीं गांठतो. फरक एवढाच, कीं एकजण तो ओळखून असतो आणि दुसरा नसतो.

आपल्या किनाऱ्याकडे वळून पाहिलें तर कोळ्याच्या मुलाला हा प्रश्न पडत नाहीं. होडी त्याच्या दारीं असते आणि शिकविणारा त्याच्याच घरांत. पांढरपेशा कुटुंबाला समुद्र बहुधा चौपाटीवरून पाहण्यापुरताच ठाऊक. तरीहि ही विद्या आपल्याकडे रुजत नाहीं असें नव्हे. १९८२ च्या आशियाई क्रीडांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं मुंबईच्याच पाण्यांत ‘फायरबॉल’ या दोन माणसांच्या डिंगीच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. येथून चाकर म्हणून गेलेला शब्द घरीं परतला तो असा मानानें.

तेव्हां होडी घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें दुकानाकडे जाण्यापूर्वीं घरांत चार प्रश्न विचारावे. ती ठेवावयाची कोठें? पाण्यापर्यंत नेणार कोण? उलटली तर सरळ कोण करणार? आणि त्या पाण्यावर तशाच होड्या चालविणारीं, चार गोष्टी सांगणारीं माणसें आहेत काय? अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण केवळ पैशापुरती नाहीं. यानंतर पांचवा प्रश्न राहतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा: या होडीचें सुकाणूं घरांतल्या धाकट्या मुलीच्या हातीं देऊन थोरल्यांनीं स्वस्थ बसावें, असा दिवस दोन-तीन सुट्यांत येईल काय? येईल असें वाटत असेल, तर होडीचें टोंक चपटें असो कीं निमुळतें, शीड तांबडें असो कीं पांढरें, ती खुशाल घ्यावी.