अळ्यांनी राखलेल्या जखमा

१९१७. फ्रान्समधील रणांगणावर सात दिवस अन्नपाण्याविना पडून राहिलेले दोन सैनिक रुग्णालयात आणले गेले. दोघांच्याही मांडीचे हाड मोडलेले, पोटावर मोठ्या जखमा. तरीही अंगात ताप नव्हता. कपडे उतरवताच जखमांत हजारो अळ्या वळवळताना दिसल्या. #थ्रेड

विल्यम बेअर या अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकाने त्या धुऊन काढल्या. खाली पू नव्हता; निरोगी, गुलाबी मांस भरून येत होते. अशा दुखापतीत मृत्यूचे प्रमाण तेव्हा ७५ ते ८० टक्के असल्याचे बेअर यांनीच नोंदवले आहे. हे दोघे मात्र वाचले.

जखमेतील मृत मांस हे जंतूंचे माहेरघर. ते काढल्याशिवाय जखम भरत नाही, हे त्या युद्धातील शल्यचिकित्सकांना पुरते उमगले होते. पण सुरी सजीव मांसही कापते आणि हाडाच्या खाचाखोचांत पोहोचत नाही. अळीच्या स्रावांनी मृत मांस विरघळते आणि ती ते शोषून घेते. जिवंत मांसाला सहसा धक्का लागत नाही.

हे निरीक्षण नवे नव्हते. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने सीरियाच्या मोहिमेत हेच पाहिले होते. अळ्यांनी हवालदिल झालेल्या सैनिकांची समजूत घालणे, हेच त्याला अधिक जड गेले. साहजिकच आहे. ‘अंगात किडे पडोत’ हा आपल्याकडेही शापच.

बेअर यांचे वेगळेपण पुढे आहे. १९२८ मध्ये बाल्टिमोर येथे हाडाच्या जुनाट संसर्गाने वर्षानुवर्षे पिडलेल्या मुलांच्या जखमांत त्यांनी अळ्या जाणीवपूर्वक सोडल्या. जखमा भरू लागल्या. पण काही रुग्णांना धनुर्वात झाला. उपचारच जीवावर उठत होता. तेव्हा माशीची अंडी रसायनांनी निर्जंतुक करून त्यांतून अळ्या वाढवण्याची पद्धत त्यांनी बसवली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. या कामावरील निबंध त्यानंतर छापला गेला.

तीसच्या दशकात अमेरिकेत निर्जंतुक अळ्या विकत मिळत. पेनिसिलिन आले आणि त्या विस्मरणात गेल्या. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढल्यावर, विशेषतः मधुमेहींच्या पायांच्या जखमांसाठी, वैद्यकाला त्यांची पुन्हा आठवण झाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये परवानगी दिली. त्या दप्तरी या जिवंत अळीचा वर्ग आहे ‘वैद्यकीय उपकरण’.