हेलिकोबॅक्टर पायलोरी संसर्ग : दुसऱ्या फळीच्या उपचारांचा इतिहास

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या सर्पिल सूक्ष्मजंतूंचे पहिल्या उपचाराने निर्मूलन न झाल्यास जी निराळी औषधयोजना करतात, तिला दुसऱ्या फळीचा उपचार म्हणतात. हे सूक्ष्मजंतू यूरिएज या एंझाइमाच्या साहाय्याने अमोनिया निर्माण करून भोवतालच्या अम्लाचे उदासिनीकरण करतात व श्लेष्म्याच्या (बुळबुळीत स्रावाच्या) थरात सुरक्षित राहतात. त्यामुळे एकच प्रतिजैव पदार्थ सहसा पुरा पडत नाही.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये हे सूक्ष्मजंतू जठराच्या ऊतकात आढळले. बॅरी मार्शल यांच्या सहकार्याने १९८२ मध्ये त्यांचे संवर्धन साध्य झाले. पचनज व्रणाचे कारण केवळ अम्लाधिक्य व मानसिक ताण होय, ही समजूत त्यामुळे मागे पडली. या कार्याबद्दल दोघांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८० नंतरच्या दशकात सिडनी येथे टॉमस बोरोडी यांनी बिस्मथ, टेट्रासायक्लीन व मेट्रोनिडाझोल यांचा त्रिविध उपचार प्रचारात आणला. तो गुणकारी होता. परंतु दिवसातून अनेक वेळा पुष्कळ गोळ्या घ्याव्या लागत. म्हणून अम्लस्रावरोधक, क्लॅरिथ्रोमायसीन आणि ॲमॉक्सिसिलीन किंवा मेट्रोनिडाझोल असा सुटसुटीत उपचार रूढ झाला. नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथे १९९६ मध्ये भरलेल्या यूरोपीय तज्ञांच्या परिषदेने त्याची सात दिवसांसाठी शिफारस केली. याच तज्ञगटाने २००० मध्ये दोन्ही फळ्यांचा एकत्रित विचार केला व जुन्या त्रिविध उपचाराला अम्लस्रावरोधकाची जोड दिलेला चतुर्विध उपचार दुसऱ्या फळीसाठी सुचविला.

श्वसनरोगांवरही क्लॅरिथ्रोमायसीन व तत्सम औषधे सर्रास वापरली गेल्याने सूक्ष्मजंतूंत रोध वाढला. त्यांच्या रिबोसोमातील आरएनएच्या एका घटकात उत्परिवर्तन (आनुवंशिक द्रव्यात होणारा बदल) झाल्यास हे औषध तेथे नीट बद्ध होत नाही. अशा वेळी तेच औषध पुन्हा देणे बहुधा व्यर्थ ठरते. म्हणून दुसऱ्या फळीत ते वर्ज्य मानतात. भारतात आमांशावर मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ वापरात असल्याने त्यालाही रोध पुष्कळ आढळतो. मात्र बिस्मथाच्या जोडीने, अधिक मात्रेत व अधिक दिवस दिल्यास या रोधावर बऱ्याच अंशी मात करता येते. टेट्रासायक्लिनाला रोध त्या मानाने विरळा असतो. २००० नंतर पर्याय म्हणून पुढे आलेल्या लेव्होफ्लॉक्सॅसिनाची उपयुक्तताही रोधामुळे घटत गेली.

क्लॅरिथ्रोमायसीन-रोधी पायलोरीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये उच्च अग्रक्रमाच्या सूक्ष्मजंतूंत केला. २०२४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी चौदा दिवसांचा चतुर्विध उपचार पहिल्याच फळीत ठेवला. गैरसोयीमुळे मागे सारलेला जुना उपचार अशा रीतीने अग्रस्थानी आला.

रिफाब्यूटीन हे औषधही उपयुक्त आहे. परंतु ते क्षयावरील रिफँपिसिनाच्या गटातील असून एकाला आलेला रोध बहुधा दुसऱ्यालाही लागू पडतो. म्हणून क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या भारतासारख्या देशात ते शक्यतो राखून ठेवणे इष्ट ठरते. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासपरीक्षेने अथवा मलपरीक्षेने निर्मूलनाची खात्री करतात.