एका गुणाचा न्याय : महाविद्यालयीन मल्लाची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट

(१)
कल्याण किंवा डोंबिवलीच्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारा एक मल्ल डोळ्यांसमोर आणा. पहाटे जोर-बैठका, दुपारी वर्गातील तास, संध्याकाळी मॅटवरचा सराव. जत्रांच्या हंगामात तो आसपासच्या आगरी गावांत हलगीच्या ठेक्यावर मातीत उतरतो आणि इनामाची कुस्ती मारून रात्री घरी परततो. आता त्याला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरायचे आहे. त्याची वाट कोठून सुरू होते? आजचा धागा या प्रश्नावर आहे. उत्तराची सुरुवात मात्र आजच्या नियमपुस्तकापासून न करता एका जुन्या महाविद्यालयीन मल्लापासून करू, कारण ते नियम कशासाठी आहेत हे त्याच्या कथेतून अधिक स्पष्ट होते.

(२)
तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव कराडजवळचे गोळेश्वर. वडील स्वतः पैलवान. घरातच कुस्तीचे बाळकडू. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ऐन तारुण्यात १९४२ च्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. त्या वेळी हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची बहुसंख्य महाविद्यालये आज ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत, तेच हे विद्यापीठ.

(३)
कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान तेथे १९१२ पासून गाजत होते. अशा नगरीत खाशाबांसमोरचा पहिला अडसर प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर त्यांच्या अंगकाठीने उभा केला. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा हा बुटका, सडपातळ मुलगा काय लढणार, म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्या किरकोळ दिसणाऱ्या मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना आस्मान दाखवले. पात्रतेची पहिली पायरी मैदानात नसून नावनोंदणीच्या कागदावर असते, हे येथे लक्षात ठेवू.

(४)
१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटही नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही. मातीतली कुस्ती चितपट होऊन निकाली निघते; मॅटवर मात्र गुणांचा हिशेब चालतो. लंडनमध्ये त्यांना अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन लाभले. ५२ किलोच्या वजनगटात खाशाबा सहावे आले. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, अनोळखी पृष्ठभागावर मिळालेले हे सहावे स्थान होते.

(५)
पुढची चार वर्षे त्यांनी ५७ किलो वजनगटाची तयारी केली. १९५२ मध्ये मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने पराभूत ठरवण्यात आले. पंचांनी पक्षपात केला, असे खाशाबांचे म्हणणे होते. हेलसिंकीचे दार तेथेच बंद होणार, अशी चिन्हे दिसू लागली. त्या काळी मल्लाला दाद मागण्यासाठी हमखास उपलब्ध असा कोणताही मार्ग नव्हता. तेव्हा त्यांनी पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंह यांच्याकडे न्याय मागितला. महाराज त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे दर्दीही. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत उतरू दिले. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि वाद संपला.

(६)
या प्रसंगात खाशाबांनी नेमके काय मागितले, याकडे लक्ष द्या. त्यांनी संघातली जागा मागितली नाही, मागितली ती आणखी एक कुस्ती. सगळ्यांच्या देखत, सारख्याच नियमांनी होणारी. ती मिळाली, कारण अध्यक्षपदावरील व्यक्ती योगायोगाने कुस्तीप्रेमी होती. ती तशी नसती, तर भारताच्या क्रीडा इतिहासातले एक पान कोरेच राहिले असते.

(७)
त्यानंतरचा अडसर पैशांचा होता. सरकारदरबारी पुरेशी मदत मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी प्राचार्याने घर गहाण टाकणे ही कौतुकाची गोष्ट खरीच. पण ज्या व्यवस्थेत अशा त्यागावाचून खेळाडू पुढे जाऊ शकत नाही, त्या व्यवस्थेचे ते दारिद्र्यही आहे. इतिहास वाचताना ही दोन्ही वाक्ये एकत्र उच्चारावी लागतात.

(८)
हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची दीर्घ लढत त्यांनी गमावली. पुढे सुवर्णपदक इशीलाच मिळाले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम असूनही त्यानंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरावे लागले. हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. ती लढतही गेली आणि हाती कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत महाराष्ट्राचेच के. डी. माणगावे चौथ्या स्थानी राहिले.

(९)
आता परत कल्याणला येऊ. आजच्या महाविद्यालयीन मल्लासमोर दोन शिड्या आहेत आणि पुष्कळ मुले त्यांची गल्लत करतात. पहिली शिडी विद्यापीठाची. महाविद्यालयाच्या जिमखान्यातून मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचे. तेथे आपल्या वजनगटात निवड झाली की विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळता येते. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होते. या संस्थेची स्थापना १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून झाली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेत चमकलेल्या खेळाडूंसाठी २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचेही दार उघडले आहे.

(१०)
दुसरी शिडी कुस्ती संघटनेची. शहर किंवा जिल्हा तालीम संघाकडे नोंदणी, तेथील निवड, मग राज्यस्तरीय निवड, आणि त्यातून महाराष्ट्राच्या संघात स्थान. भारतीय कुस्ती महासंघाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मल्ल आपल्या राज्याच्या, किंवा रेल्वे, सेनादल अशा संस्थांच्या संघातून उतरतो. म्हणून आंतरविद्यापीठ पदक कितीही मोलाचे असले, तरी त्यामुळे वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश आपोआप मिळत नाही. ज्याला तेथे पोहोचायचे आहे, त्याने विद्यापीठाची शिडी चढताना जिल्ह्याची शिडी सोडू नये.

(११)
या शिडीवर आपण कोणत्या गावचे, हा प्रश्न भावनेचा राहत नाही, प्रशासनाचा होतो. राज्यातील स्पर्धांत पुणे शहर आणि पुणे जिल्हा असे वेगळे संघ उतरतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि वसई-डहाणूच्या मल्लांचा जिल्हाच बदलला. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीच्या मल्लाने हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपली प्रवेशिका कोणत्या संघाकडे जाते, हे वस्तादांना विचारून घ्यावे. निवडीच्या दिवशी हे कळले, तर वर्षभराची मेहनत दारातच अडकते.

(१२)
वयोगटही समजून घ्या. महाविद्यालयीन वयाच्या मल्लासाठी २० वर्षांखालील, २३ वर्षांखालील आणि वरिष्ठ असे टप्पे असतात, आणि वय जन्मवर्षावरून मोजले जाते. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ ते १२५ किलोपर्यंत दहा वजनगट आहेत. मुलींसाठीही ही वाट आता प्रशस्त झाली आहे. महिला कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. वजनकाटा मात्र कोणाचीही गय करत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना अंतिम लढतीच्या सकाळी केवळ १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद व्हावे लागले.

(१३)
खाशाबांच्या काळापासून बदललेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज मॅटवर पंचांचा गुण चुकीचा वाटला, तर मल्लाचा प्रशिक्षक त्या क्षणी आव्हान देऊ शकतो. चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. आव्हान फसले, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. मद्रासच्या त्या एका गुणासाठी खाशाबांना थेट महाराजांपर्यंत जावे लागले होते. आज तेच गाऱ्हाणे मॅटच्या कडेला बसून मांडता येते आणि त्याची किंमतही नियमानेच ठरलेली असते.

(१४)
मॅटबाहेरचे वाद मात्र मिटलेले नाहीत. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ७४ किलो वजनगटासाठी सुशील कुमार यांनी महाराष्ट्राच्या नरसिंग यादवविरुद्ध निवड चाचणी मागितली. जागतिक स्पर्धेतून ती पात्रता नरसिंगने मिळवली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने सुशील यांची याचिका फेटाळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा दोन ठिकाणी झाली, फुलगावला आणि धाराशिवला, आणि एकाच महिन्यात राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. १९६१ पासून चालत आलेल्या या मानाच्या गदेला असा प्रसंग शोभणारा नव्हता.

(१५)
त्यापाठोपाठ राष्ट्रीय पातळीवरही तेच घडले. जानेवारी २०२४ मध्ये निलंबित महासंघाने पुण्यात वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा घेतली. क्रीडा मंत्रालयाने ती अमान्य ठरवली, आणि फेब्रुवारीत हंगामी समितीने जयपूरला दुसरी स्पर्धा भरवली. तुमच्या-आमच्या वयाच्या मल्लांनी घाम दोन्हीकडे सारखाच गाळला. प्रमाणपत्राचे वजन मात्र सारखे राहिले नाही. म्हणून आज कोणत्याही स्पर्धेत नाव देण्यापूर्वी ‘स्पर्धा कोठे आहे?’ याच्या जोडीने ‘तिला मान्यता कोणाची आहे?’ हेही विचारलेच पाहिजे.

(१६)
म्हणजे वाट अशी : महाविद्यालयात प्राचार्यांच्या सहीने पात्रतेचा कागद वेळेत पूर्ण करा. जिल्हा किंवा शहर संघाकडे नोंदणी करा. वय, रहिवास आणि शिक्षण यांचे दाखले एका धारिकेत ठेवा. वजनगट वर्षाच्या आरंभी ठरवा. मातीबरोबर मॅटवरही सराव करा. निवडीचा निकष आणि निकाल लेखी मागा. शंका आली, तर सौजन्याने पण लेखी हरकत नोंदवा. तक्रार करणे म्हणजे बेशिस्त, असे कोणी सांगितले, तर त्यांना मद्रासची गोष्ट ऐकवा.

(१७)
खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर, शतक उलटल्यावर. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. ७२ वर्षांपूर्वी खाशाबांनी जिंकले होते तेच पदक, तितक्याच वजनात. कल्याणच्या त्या मुलाने जिमखान्याच्या खिडकीवर अर्ज भरताना एवढे आठवले, तरी हा धागा सार्थकी लागला असे समजेन.