डोळा कोणाचा, दार कोणाचें?

घराच्या रक्षणाचा विचार मनांत आला म्हणजे आजचा गृहस्थ बाजारांत जातो आणि दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो असा कीं, ह्या कॅमेऱ्यास किती दूरचें दिसतें? दुकानदारही उत्साहानें उत्तर देतो : काळोखांतलें दिसतें, माणसाचा चेहरा ओळखतां येतो, परगांवीं असतांनासुद्धां हातांतल्या फोनवर आपलें दार दिसतें. प्रश्न योग्यच आहे. परंतु तो दुसरा प्रश्न आहे. पहिला कोणता असावा, हें समजण्यासाठीं दाराच्या रक्षणाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास आपण थोडक्यांत पाहूं.

१८१८ सालीं इंग्लंडांत जेरेमाया चब ह्यानें एक नवें कुलूप तयार केलें. कोणी परक्या हत्यारानें तें उघडूं लागला कीं आंतली कळ अडकून बसे, आणि धनी परत येऊन आपली किल्ली लावी तेव्हां त्यास कळून येई कीं, आपल्या पश्चात् येथें कोणी तरी हात घातला आहे. कुलूप नुसतें अडवीत होतें तें आतां बातमीही देऊं लागलें. त्याच काळीं लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा ह्यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडलेलें असे, आणि तें उघडणारास २०० गिनींचें बक्षीस जाहीर केलेलें होतें. वर्षानुवर्षें तें कोणास मिळालें नाहीं.

पुढें १८५१ सालीं लंडनमध्यें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नांवाचा कुलूपतज्ज्ञ आला. त्यानें चबचें कुलूप एका घटकेच्या आसपास, म्हणजे सुमारें २५ मिनिटांत साक्षीदारांसमोर उघडून दाखविलें. आणि ब्रामाचें कुलूप, सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून, उघडलें. गंमत अशी कीं, चबच्या कुलुपाची जी बातमी देणारी कळ, तिचाच उपयोग त्यानें आंतील रचना ताडण्यासाठीं करून घेतला. पहारेकरीच चोरास वाट सांगूं लागला! चोरांना ही विद्या शिकविणें बरें नव्हे, असें पुष्कळांनीं म्हटलें. हॉब्जचें म्हणणें असें होतें कीं, चोरांना ती आधींच ठाऊक असते; अंधारांत असतो तो बिचारा घराचा धनी.

अमेरिकेंत त्याच सुमारास विजेचा उपयोग सुरू झाला. दार किंवा खिडकी उघडतांच घंटा वाजविणाऱ्या यंत्राचें पेटंट ऑगस्टस पोप ह्यास १८५३ सालीं मिळालें, आणि एडविन होम्स ह्यानें तें विकत घेऊन बोस्टन व न्यूयॉर्क येथें त्याचा धंदा वाढविला. आपल्या मुंबईंत १८९७ सालीं आर्देशिर गोदरेज ह्यांनीं लालबागेंत कुलुपांचा कारखाना काढला, तोही ह्याच परंपरेंतला.

आतां डोळ्याकडे वळूं. तारेनें जोडलेल्या कॅमेऱ्यानें दूरचें दृश्य पाहण्याचा प्रयोग महायुद्धांत, १९४२ सालीं, जर्मनींत अग्निबाण उडवितांना झालेला होता. पण तो डोळा घराच्या दाराशीं आणला तो एका परिचारिकेनें. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ह्या बाईंच्या कामाच्या वेळा अवेळीच्या असत. पति आल्बर्ट हे विजेच्या उपकरणांचे तंत्रज्ञ. तेही कित्येकदां घराबाहेर. वस्तींत गुन्हे होत, आणि पोलिसांस बोलावलें तर ते येण्यास विलंब लागे. एकट्या बाईनें रात्रीं दाराची कडी काढावी कीं नाहीं, हा तिच्यापुढील रोजचा प्रश्न होता.

तिनें पतीच्या साहाय्यानें त्याचें उत्तर शोधलें. दारास निरनिराळ्या उंचीवर चार भोंकें ठेवलीं. कॅमेरा वरखालीं सरकून त्यांतून बाहेरचा माणूस पाही, मग तो उंच असो कीं ठेंगणा. त्याचें चित्र आंतल्या खोलींतील पडद्यावर दिसे. आंतूनच त्याच्याशीं बोलतां येई. ओळखीचा असेल तर कळ दाबून दार उघडतां येई, आणि संशय आला तर मदतीची हाक पाठवितां येई. १९६६ सालीं त्यांनीं अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजीं त्यांस पेटंट मिळालें. ह्या यंत्राची मोठी विक्री झाली नाहीं. तथापि आज घरोघरीं दिसणाऱ्या साधनांची मूळ कल्पना तेथें स्पष्ट दिसते. त्याच १९६९ सालीं अमेरिकेंत बॉइल आणि स्मिथ ह्या शास्त्रज्ञांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून चित्र टिपणारी सीसीडी ही चकती शोधून काढली, आणि कॅमेरा पुढें लहान व स्वस्त होत गेला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ब्राउनबाईंच्या घरांतलें चित्र दारापासून त्यांच्या खोलीपर्यंतच जाई. पाहणारी तीच, दार उघडणारी तीच. आज तेंच चित्र कित्येकदां दूरच्या कंपनीच्या कोठारांत जाऊन मग आपल्या हातांत येतें. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रणालीनें जगभरचे असंख्य कॅमेरे आणि तत्सम यंत्रें काबीज केलीं, तीं केवळ कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द मालकांनीं बदलला नव्हता म्हणून; आणि त्यांच्याच बळावर २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील नामांकित संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. हॉब्जनें १८५१ मध्यें दाखविलें तेंच पुन्हां घडलें : पहारेकरी परक्याच्या चाकरीस लागला.

म्हणून कॅमेरा निवडतांना पहिला प्रश्न हा कीं, हें चित्र कोठें राहणार आणि तें आणखी कोण पाहूं शकणार? घरांतच सांठविण्याची सोय आहे काय? परवलीचा शब्द बदलतां येतो काय, आणि दोष सांपडल्यास बनविणारा तो दुरुस्त करून देतो काय? दुसरें, डोळा रोंखावा तो आपल्या दाराकडे. शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा आपल्याच माणसांच्या निजण्याच्या खोलीकडे नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला आहे. त्याची पहिली जपणूक घरांतूनच व्हावयास हवी. आणि तिसरें, यंत्रानें हाक दिली तर धांवून येणार कोण? पोलिस उशिरां येतात, ही ब्राउनबाईंची अडचण होती. कॅमेऱ्यानें धोका दिसतो, पण मदतीस येतो तो माणूसच. तेव्हां यंत्र बसविण्यापूर्वीं शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलून ठेवावे, हें अधिक शहाणपणाचें.

किल्ली कोणाच्या हातीं आहे, हें आपले आजोबा रात्रीं निजण्यापूर्वीं पाहून घेत. आपणही तेंच करावयाचें आहे. मात्र आतां किल्ली डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून ती अधिक काळजीनें शोधावी लागते.