ओट्याचे पैसे

आमच्या नव्या स्वयंपाकघरात ओटा बसला, त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी साडेसातला दारावरची बेल वाजली. दारात ओटा बसवून गेलेला माणूस आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. बापाला इंग्रजी बेताचंच, म्हणून मुलगाच बोलला. काँट्रॅक्टर फोन उचलत नाही, आमचे अठ्ठावीसशे डॉलर राहिलेत, दगडसुद्धा आम्ही आमच्या पैशांनी आणला होता.

काँट्रॅक्टर फोन माझाही उचलत नव्हता. सव्वीस हजाराचं काम, वीस हजार देऊन झालेले. कपाटं आणि ओटा झाला होता. भिंतीच्या टाइल, सिंकचा नळ आणि दोन दिवे बाकी होते. उरलेल्या कामाचे दुसरा माणूस सात हजार मागत होता आणि माझ्याकडे राखलेले होते सहा. त्यातले अठ्ठावीसशे याला द्यायचे तर हिशोब कुठे जातो ते तुम्हीच करा.

आता मी हा माणूस नेमला कसा, तेही सांगतो. आमच्या वाईकडच्या घरी सुतार 'बसायचा'. म्हणजे दोन महिने ओसरीवरच मुक्काम, दोन वेळचा चहा, शनिवारी रोजाचे पैसे आणि सणाआधी उचल. काम अंगावर द्यायचं की रोजाने, यावर वडील आणि काका तासभर वाद घालत. आजोबांच्या वेळी तर रोजही नव्हता. सुतार बलुतेदार, वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा न्यायचा. (यात गोडवा शोधायला जाऊ नये. वाटा किती ते खळ्याचा मालक ठरवायचा, आणि सुताराला गाव सोडून दुसरीकडे भाव काढायची सोय नव्हती.) पण काम करणारा आणि पैसे देणारा एकमेकांना ओळखत तरी होते.

इकडे शुगर लँडमध्ये मी तीन अंदाजपत्रकं मागवली आणि मराठी बाण्याला जागून मधलं निवडलं. टेक्सासात इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला राज्याचा परवाना लागतो. सुताराला, टाइलवाल्याला आणि या सगळ्यांना गोळा करून आणणाऱ्या काँट्रॅक्टरला राज्य परवाना मागत नाही. घरबांधणी करणाऱ्यांवर नजर ठेवायला राज्याने २००३ साली एक आयोग काढला होता, तोही २०१० पर्यंत गुंडाळला. खाजगी मालकाने कामगारांचा अपघात विमा काढलाच पाहिजे अशी सक्तीही या राज्यात नाही. हे सगळं मला वीस हजार देऊन झाल्यावर कळलं.

आमच्या मंडळातल्या एका वकिलाला फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "करारावर वहिनींची सही आहे का?" म्हटलं, नाही, माझी एकट्याची. ते हसले. "मग तुमच्या घराला तो हात लावू शकत नाही. काँट्रॅक्टरकडे जा म्हणावं."

बायकोच्या सहीचा ओट्याशी काय संबंध? वकिलांनी थोडक्यात सांगितलं, आणि माझी खोड अशी की एखाद्या गोष्टीचा उगम कळल्याशिवाय मला झोप येत नाही. तो शोधताना मी १८३९ सालात जाऊन पोचलो. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८३७ च्या मंदीत बुडालेले कर्जदार अमेरिकेतून पळून इकडे येत. मागे राहिलेल्या दारावर 'टेक्सासला गेलो' एवढंच लिहिलेलं असे, असं सांगतात. अशा लोकांच्या प्रजासत्ताकाने कायदा केला, की सावकाराला कर्जदाराचं राहतं घर घेता येणार नाही. हे संरक्षण पुढे राज्यघटनेत गेलं.

१८७६ ची राज्यघटना अजून लागू आहे, शेकडो दुरुस्त्यांसकट. तिच्या सोळाव्या प्रकरणात एक कलम आहे. कारागिराने, मिस्त्रीने किंवा माल पुरवणाऱ्याने जी इमारत उभी केली वा दुरुस्त केली, तिच्यावर त्याच्या श्रमाच्या किमतीइतका त्याचा हक्क. इकडे त्याला 'लीन' म्हणतात. आपल्या भाषेत घरावर बोजा. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसा इथे सुताराच्या मजुरीचा चढू शकतो. मला हे फार आवडलं. पण त्याच प्रकरणात राहत्या घराचंही कलम आहे. घर वाचवायचं आणि कारागिराची मजुरीही बुडू द्यायची नाही, याची सांगड त्यांनी अशी घातली, की राहत्या घरावर कामाचा बोजा चढवायचा तर करार लेखी हवा आणि त्याला बायकोची संमती हवी. आता नवरा-बायको दोघांचीही सही लागते. मधल्या माणसामार्फत काम केलेल्याने वेळेत नोटीस पाठवायची असते, आणि मालकाने दहा टक्के रक्कम काम संपल्यावर तीस दिवस राखून ठेवायची असते. आमच्या कागदावर एकच सही. वकिलांच्या मते, मी मोकळा.

मोकळा होतो तर शांत झोप लागायला हवी होती. पण १८७६ पाशी न थांबता मी पुढची दोन वर्षं वाचली आणि तिथे आमचं गाव भेटलं.

१८७८ साली टेक्सास सरकारने राज्यातले सगळे कैदी दोन माणसांना भाड्याने दिले. एडवर्ड कनिंगहॅम आणि लिटलबेरी एलिस, दोघेही याच भागातले ऊसमळेवाले. दर, एका कैद्यामागे महिन्याला तीन डॉलर एक सेंट. तो वरचा सेंट कुणी घासाघीस करून मिळवला असेल, याचा मला राहून राहून विचार येतो. पैसे सरकारला जायचे. राबणाऱ्याला काहीच नाही. उरलेले कैदी या दोघांनी पुढे रेल्वेला आणि इतर मळ्यांना पोटभाड्याने दिले. कैदी बहुतेक काळे, त्यातले कित्येक पूर्वीचे गुलाम. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली खरी, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी सवड तिच्यातच होती. ब्राझोस नदीकाठच्या दलदलीत ऊस तोडताना माणसं तापाने, उन्हाने, माराने मरत. मेलेल्याच्या जागी दुसरा मिळे. एलिस यांनी आपल्या मळ्याला मुलीचं नाव दिलं, सार्टार्शिया. आता त्या नावाची एक शाळा गावात आहे.

म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने, एकाच राज्याने, एका कारागिराला भिंतीवर हक्क दिला आणि दुसऱ्या राबणाऱ्याला स्वतःच्या हातांवरही ठेवला नाही. १९१० मध्ये कायदा होऊन ही पद्धत १९१२ पर्यंत बंद झाली. तोवर केम्पनर आणि एल्ड्रिज यांनी इथला कारखाना घेतला होता. इम्पीरियल शुगरचं गाव वसलं, ज्यात घरं कंपनीची आणि दुकानही कंपनीचं. नगरपालिका १९५९ ची. साखर शुद्ध करणं २००३ मध्ये थांबलं. जुनी विटांची इमारत अजून उभी आहे, आम्ही पाहुण्यांना तिच्यासमोर फोटो काढायला नेतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये इथल्या शाळा-मंडळाच्या नव्या इमारतीसाठी खोदकाम चालू असताना हाडं लागली. पंच्याण्णव माणसांची, कुठलीही खूण नसलेली दफनं. जमीन पूर्वी तुरुंगाची शेती होती. रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ, पूर्वी तुरुंगात पहारेकरी, कित्येक वर्षं सांगत होते की इथे कैद्यांच्या थडग्यांची जागा असणार, खणताना जपा. कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथेच पुन्हा दफन झालं. मूर २०२० मध्ये गेले. आणि ती इमारत कसली, तर मुलांना वेल्डिंगसारखे हातातले धंदे शिकवणारी शाळा.

हे सगळं मी बायकोला जेवताना सांगितलं. म्हणजे नव्या ओट्यावर ताटं ठेवून, कारण टेबल खोक्यांनी भरलेलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझी सही नाही म्हणून त्याचे पैसे बुडणार?"

"कायद्याने..."

"कायद्याचं नाही विचारलं."

मी म्हटलं, त्याला दिले तर काँट्रॅक्टरने बुडवलेल्या पैशांचा भुर्दंड आपल्याला पडतो. ती म्हणाली, पडतोच. दगड त्याने आणला, वाहिला, बसवला, आणि पोळ्या मी त्यावर लाटते आहे.

शनिवारी बाप-लेक आले. मी वकिलांकडून आणलेला कागद पुढे ठेवला. अठ्ठावीसशे मिळाले, घरावर आता कसलाही हक्क नाही, अशी पावती. मुलाने बापाला वाचून दाखवली. बापाने सही करण्याआधी चेक दोनदा उलटसुलट पाहिला. काँट्रॅक्टरचा एक चेक परत गेला होता, असं मुलगा म्हणाला. मग बाप उठला, ओट्यावरून तळवा फिरवला आणि सिंकच्या कडेला एक जागा दाखवली. सांध्याला केसाएवढी फट राहिली होती. मला इतके दिवस दिसली नव्हती. गाडीतून सामान आणून त्याने ती अर्ध्या तासात भरली. चहा मात्र नको म्हणाला, पुढचं काम केटीला होतं.

टाइल अजून बसायच्या आहेत. नवा माणूस निम्मे आगाऊ मागतो आहे. मी म्हटलं, करार दोन सह्यांचा करू. त्यावर तो म्हणाला की आजवर असं कुणी आपणहून मागितलं नव्हतं, आणि दोन दिवस विचार करायला मागितले.