खडी की नजारा?

मिनेसोटातल्या टेलर्स फॉल्सचं इंटरस्टेट पार्क आकाराने एवढंसं आहे. जेमतेम ३०० एकर. मिनियापोलिसहून गाडीने तासाभरात पोचता येतं आणि कड्याच्या काठाने सावकाश चाललं तरी दुपारपर्यंत बघून होतं. खाली सेंट क्रॉय नदी, समोरचा कडा विस्कॉन्सिनचा. पण या छोट्याशा ट्रेकमध्ये इतिहास मात्र ठासून भरलाय!

पहिली गंमत दगडाची. हा काळा कातळ आपल्या ओळखीचा, म्हणजे बेसॉल्टच. फरक वयाचा. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला तब्बल ११० कोटी. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी हिमनद्या वितळल्या, त्या पाण्याच्या भोवऱ्यांत दगडगोटे गरगर फिरले आणि कातळात खोल विहिरी कोरल्या गेल्या. निघोजला कुकडीतले रांजणखळगे पाहिलेत ना? तेच! फक्त इथला एक रांजण ६० फूट खोल आहे.

आता माणसांचं बघू. १८३७ च्या तहात ओजिब्वे लोकांनी इथली जमीन अमेरिकन सरकारला दिली. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला. पाठोपाठ लाकूडवाले आले. व्हाइट पाइनची जंगलं तोडायची, ओंडके नदीत सोडायचे, खाली सॉ मिलमध्ये गोळा करायचे. नदी म्हणजे फुकटचा कन्व्हेयर बेल्ट! १८८६ मध्ये याच अरुंद घळीत ओंडके असे काही अडकले की ते मोकळे करायला कित्येक आठवडे गेले, डायनामाइट लावावं लागलं. १९१४ पर्यंत जंगल संपलं आणि नदीतून लाकूड नेणंही.

कड्यांवरही डोळा होताच. १८६० च्या दशकात हे कडे फोडून खडी करायचा बेत होता. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला. पुढे सेंट पॉलच्या जॉर्ज हॅझर्ड नावाच्या ट्रॅव्हल एजंटने पार्कसाठी पाठपुरावा केला. १८९५ मध्ये मिनेसोटाने पार्क केलं, १९०० मध्ये विस्कॉन्सिनने समोरचा काठ राखला. दोन राज्यं, एक नदी, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट नाही! १९६८ च्या कायद्याने ज्या पहिल्या आठ नद्यांना संरक्षण मिळालं त्यात सेंट क्रॉय होती. टेलर्स फॉल्सच्या खालचा भाग १९७२ मध्ये जोडला गेला.

मला यात सगळ्यात आवडतो तो ट्रॅव्हल एजंट. पर्यटक आले तर त्याचा धंदा चालणार, हे उघड आहे. पण म्हणून काय बिघडलं? खडी एकदाच विकता येते, नजारा रोज. हा हिशोब त्या काळी कुणीतरी मांडला म्हणून आज त्या कड्यावर उभं राहता येतं. पुण्याच्या आसपास फोडलेल्या टेकड्या बघताना हे हटकून आठवतं.

पण हिशोब पूर्ण मांडायचा तर ओजिब्वेंनाही धरायला हवं. १८३७ चे ते हक्क अजून शाबूत आहेत असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं. कागदावरचं एक वाक्य खरं ठरायला १६२ वर्षं लागली. कडे वाचायला त्या मानाने फारच कमी.