बाळंतिणीची खोली ते मोबाइलचा पडदा

पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या, जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या मराठवाड्यातील गावांत बाळंतिणीला मिळणारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आई, सासू आणि सुईण यांच्या तोंडूनच येत असे. त्यात शेकशेगडीचा आणि आहाराचा अनुभवसिद्ध विचार होता. तसाच चीक, म्हणजे प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध, टाकून देऊन बाळाला मध किंवा घुटी चाटवण्याचा अपायकारक प्रघातही होता.

या मौखिक परंपरेशेजारी चित्राची परंपरा हळूहळू उभी राहिली. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागाने, म्हणजे हाताने काढलेली चित्रे हलती करणाऱ्या शाखेने, कुटुंबनियोजनासारखे विषय निरक्षर प्रेक्षकांपर्यंत नेले. पुढे २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या घरोघरी पोहोचू लागल्या, आणि मोबाइल आल्यावर मुंबईच्या आयआयटीतील आरोग्यविषयक चित्रफितींनी स्तनपानाची तंत्रे मराठीसह अनेक भारतीय भाषांत समजावली.

संगणकीय सचेतनपटाचे, म्हणजे संगणकावर हलत्या केलेल्या चित्रांचे, खरे बळ असे, की बाळाच्या तोंडातील स्तनाची पकड, म्हणजे केवळ बोंडशी नव्हे तर भोवतीच्या काळ्या भागाचाही मोठा अंश तोंडात जाणे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोनातून दाखवता येते, आणि कोणत्याही स्त्रीला संकोचावे लागत नाही. तरीही चित्र शेजारी बसून धीर देऊ शकत नाही. म्हणून सुईणीच्या मायेचा वारसा आशाताईंच्या हाती राहणेच बाळंतिणीच्या हिताचे आहे.